नळी, डोळा आणि दहा मीटर

बंदुकीच्या नळीला आणि नेम धरणाऱ्या डोळ्याला एकाच जागी बसता येत नाही, आणि रायफलच्या साईटची सगळी कटकट इथूनच सुरू होते. नळी खाली असते, डोळा वर असतो. छर्रा नळीतून निघतो आणि नजर मात्र मागच्या साईटच्या खाचेतून, पुढच्या माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या उभ्या काट्याच्या, टोकावरून निशाणाकडे जाते. वेगवेगळ्या जागी सुरू झालेल्या या दोन वाटा निशाणावर एकत्र याव्यात म्हणून मागच्या साईटला दोन स्क्रू दिलेले असतात. एक वर-खाली करण्यासाठी आणि दुसरा डावीकडे-उजवीकडे सरकवण्यासाठी. ते स्क्रू केव्हा फिरवायचे, किती फिरवायचे आणि मुख्य म्हणजे केव्हा त्यांना हात लावायचा नाही, याविषयी मला लिहायचे आहे. तेही अगदी जवळच्या, दहा मीटरवरच्या निशाणापुरते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या एका स्नेह्यांची आंब्याची शेड आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, खाली कोबा. मार्चपासून मे संपेपर्यंत तिथे हापूसच्या पेट्या भरल्या जातात आणि पाय ठेवायलाही जागा नसते; उरलेले महिने ती रिकामी असते. त्या रिकाम्या महिन्यांत आसपासच्या वाड्यांतील शाळा-कॉलेजांची मुले तिथे एअर रायफलचा सराव करतात आणि मी त्यांच्यावर देखरेख ठेवतो. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला तिरपा पत्रा बसवलेली लोखंडी पेटी, तिच्यामागे वाळूची पोती आणि मध्ये टेपने मोजून घेतलेले दहा मीटर, एवढाच आमचा संसार. नियम मात्र कडक आहेत. नळी सदैव पेटीच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि कागद बदलायला कोणी पुढे निघाले की प्रत्येकाची रायफल नळी मोडून, म्हणजे सांध्यावर वाकवून उघडी करून, टेबलावर.

शेडीत डोकावणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विचारतोच, की एवढ्या जवळून मारण्यात कसली आली करामत. इतक्या अंतरावर तर दगडदेखील लागेल. त्याला आम्ही बोलून उत्तर देत नाही, निशाणाचा कागद हातात देतो. त्यावरचा काळा गोल 30.5 मिलीमीटर व्यासाचा असतो. त्यात एकात एक वर्तुळे असतात आणि मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलीमीटर असतो. छर्रा स्वतः 4.5 मिलीमीटर जाडीचा. त्याची कड त्या ठिपक्याला नुसती चाटून गेली तरी दहा गुण मिळतात. हिशेब केला तर छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलीमीटरपर्यंत ढळला तरी चालतो, त्यापुढे नऊ. पनवेलमध्ये अकादमी चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती, म्हणजे त्यांचे ओळीने चाळीस छर्रे या अडीच मिलीमीटरच्या आत पडले होते. हे सांगितल्यावर दगडाची भाषा थांबते.

आता त्या दोन वाटांकडे येतो. नव्या मुलांना हे फळ्यावर आकृती काढून सांगितले तर ती मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. म्हणून आम्ही तंगूस वापरतो. गळाला लावतात ती नायलॉनची दोरी इथे घराघरांत पडलेली असते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवून ठेवायची. एक तंगूस नळीच्या तोंडापासून नळीच्याच रेषेत सरळ ताणत निशाणाच्या पेटीपर्यंत न्यायची आणि तिथे खिळ्याला बांधायची. दुसरी, वेगळ्या रंगाची, मागच्या साईटच्या खाचेतून माशीच्या टोकावरून निशाणाच्या मध्यापर्यंत ताणायची. मग मुलांना बाजूला उभे राहून बघायला सांगायचे. आमच्या रायफलीत माशीचे टोक नळीच्या मध्यापासून सुमारे अडीच सेंटिमीटर उंच आहे, म्हणून टेबलापाशी नळीची तंगूस अडीच सेंटिमीटर खाली दिसते. पुढे ती हळूहळू वर चढते, नजरेच्या तंगूशीला वाटेत छेदते आणि पेटीपाशी पोहोचेपर्यंत चक्क तिच्यावर गेलेली असते. साईट बरोबर लावलेले असूनही नळी निशाणाच्या मध्यावर रोखलेली नाही, ती त्याच्या वर जवळजवळ दोन सेंटिमीटरवर रोखलेली आहे, हे पाहून मुले चकित होतात. एका मुलीने तर तंगूस नीट बांधली नाही असे समजून खिळा हलवून पाहिला.

तंगूस बरोबर बांधलेली असते. फरक आहे तो गुरुत्वाकर्षणाचा. अशा रायफलीतून छर्रा साधारण सेकंदाला 170 मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सुमारे सोळावा-सतरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो अठरा मिलीमीटर खाली येतो. म्हणजे निशाणाच्या मध्यावर लागायचे तर त्याला आधी अडीच सेंटिमीटरची उंची भरून काढावी लागते आणि वर हे अठरा मिलीमीटरही कमवावे लागतात. मागचे साईट वर उचलले, की तीच माशी तशीच धरायची म्हटल्यावर नळीचे तोंड आपोआप किंचित वर होते, आणि सगळी किमया एवढ्यावरच चालते. मागचे साईट जिकडे सरकवाल तिकडे मार सरकतो. पुढची माशी सरकवली तर उलट होते. ही दोन वाक्ये ध्यानात राहिली तर उरलेले गणित सोपे आहे.

या गणिताचा एक परिणाम मात्र भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. दहा मीटरवर तंतोतंत लावलेली आमची ही रायफल पाच मीटरवर चालवली तर छर्रा नेमाच्या वर जाईल असे बहुतेकांना वाटते, कारण अंतर कमी, म्हणून पडझड कमी. प्रत्यक्षात तो सुमारे आठ मिलीमीटर खाली लागतो, आणि तीन मीटरवर जवळजवळ चौदा मिलीमीटर खाली. जवळच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाला काम करायला वेळच मिळालेला नसतो. नळी आणि नजर यांच्यातले मूळचे अडीच सेंटिमीटरच अजून भरून निघालेले नसतात. उलट दहा मीटरच्या पुढे आणखी तीनएक मीटर तोच छर्रा नजरेच्या रेषेला जवळजवळ चिकटून चालतो आणि मग खाली उतरू लागतो. लांबच्या माऱ्यात साईटची ही उंची कोणी खिजगणतीतही धरत नाही. जवळच्या माऱ्यात तीच मुख्य गोष्ट होऊन बसते.

कोकणातल्या जत्रांमध्ये फुगे फोडण्याची जी दुकाने लागतात, तिथे हे रोज रात्री सिद्ध होत असते. फळीवर रंगीत फुगे, तीन-साडेतीन मीटरवर कठडा, आणि हातात खिळखिळी झालेली एअर गन. फुगा मोठा असल्यामुळे दीड सेंटिमीटरने काही बिघडत नाही आणि तो फुटतो. पण मध्ये दोऱ्याला टांगलेली काडी असते आणि तिच्यावर जास्तीचे बक्षीस असते. तरुण पोरे काडीवर नेम धरतात, छर्रा खालून निघून जातो, आणि मग बंदुकीची नळी वाकडी असल्याचा निकाल तिथेच जाहीर होतो. नळी कधीकधी खरेच वाकडी असते, दुकानदारही काही संत नसतो. तरीही माझे असे मत आहे, की त्या तक्रारींपैकी बऱ्याचशा नुसत्या भूमितीच्या आहेत. काडीच्या बोटभर वर नेम धरून पाहावा. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आमच्या शेजारच्या आबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. त्यांना या स्क्रूंच्या भानगडीचे मोठे हसू येते. त्यांच्या बंदुकीला नळीच्या टोकावर पितळेची एक माशी आहे, मागे काही नाही, आणि वर्षातून चारदा बार काढायचा तोही बागेतले वानर पळवण्यासाठी आकाशात. "बार वाजला पाहिजे, लागायचं कशाला?" असे ते म्हणतात, आणि त्यांच्या कामापुरते ते अगदी खरे आहे. निवडणूक जाहीर झाली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. तिच्या नेमात त्यामुळे काही फरक पडल्याचे आबांनी अजून तरी सांगितलेले नाही.

स्क्रूला हात कधी लावायचा, हा खरा अवघड विषय. नवा मुलगा एक छर्रा मारतो, तो डावीकडे जातो, लगेच तो मागचे साईट उजवीकडे फिरवतो. दुसरा छर्रा फारच उजवीकडे जातो, मग तो थोडे परत आणतो. तिसरा खाली जातो. दहा-बारा छर्ऱ्यांनंतर कागदाची चाळण होते, आणि साईट कुठे आहे हे त्यालाही कळत नाही, मलाही नाही. भजनाच्या सुरुवातीला पखवाजाच्या प्रत्येक थापेगणिक हातोडी घालणारा वादक जसा मध्यरात्रीपर्यंत सुरात येत नाही, तसेच हे आहे. एकटा छर्रा साईटविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. श्वास, हृदयाचा ठोका, चापावरचे बोट, दस्त्यावर टेकलेला गाल, छर्ऱ्याच्या कडेला पडलेला एखादा पोचा, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो आणि साईटचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

म्हणून आधी पाच छर्रे, एकाच बिंदूवर नेम धरून, कुठे लागतात याची पर्वा न करता. एनसीसीत पॉइंट टू टू रायफलवर 25 मीटरच्या फायरिंगला जे कॅडेट गेले असतील त्यांना हे पाठ असते. तिथेही आधी ग्रुप, म्हणजे छिद्रांचा दाट झुबका, मागतात; बुल, म्हणजे निशाणाचा मध्य, नंतर. पाच छिद्रे एका जागी दाटीवाटीने आली, की त्या झुबक्याचा मध्य काढायचा, आणि साईट हलवायचे ते त्या मध्यासाठी. छिद्रे कागदभर पसरली असतील तर दोष साईटचा नाही, माणसाचा आहे किंवा छर्ऱ्यांचा. तिथे स्क्रू फिरवणे म्हणजे भलत्याच गुन्हेगाराला शिक्षा करणे होय. आमच्याकडे तर असा दंडकच आहे, की ग्रुप एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खिशातून बाहेर येत नाही. मुले माझ्यावर चिडतात. एकाने मला तोंडावर सांगितले, "सर, रायफलच गंडलीय, तुम्ही उगाच माझं नाव घेता." त्याच रायफलीतून त्याच्या बहिणीचा ग्रुप नाण्याखाली बसला, तेव्हा घरी जाईपर्यंत तो कोणाशी बोलला नाही.

ग्रुप जमला की मात्र भीत भीत पाव-पाव आटा फिरवण्यात अर्थ नाही, सरळ हिशेब करावा. मागचे साईट आणि माशी यांच्यातले अंतर आमच्या रायफलीत अर्धा मीटर आहे आणि निशाण दहा मीटरवर, म्हणजे वीसपट. साईटवर जे काही होईल ते निशाणावर वीसपट होऊन दिसते. ग्रुपचा मध्य बारा मिलीमीटर खाली आणि सहा मिलीमीटर डावीकडे असेल, तर मागचे साईट 0.6 मिलीमीटर वर आणि 0.3 मिलीमीटर उजवीकडे न्यायचे. तीन मिलीमीटर जाडीच्या साध्या स्क्रूचा एक आटा अर्ध्या मिलीमीटरचा असतो. स्क्रू थेट साईट उचलत असेल तर वरच्या बाजूला सव्वा फेऱ्याला थोडे कमी आणि बाजूला अर्ध्या फेऱ्याहून थोडे जास्त, असे ते उत्तर येते. हाच वीसपटीचा हिशेब उलटा लावला की अंगावर काटा येतो. दहाचा ठिपका सुटायला निशाणावर अडीच मिलीमीटर पुरतात, म्हणजे साईटवर एक-अष्टमांश मिलीमीटर. खाचेत माशी धरताना डोळ्याने केसाच्या जाडीएवढी गफलत केली, की दहाचे नऊ व्हायला वेळ लागत नाही.

स्पर्धेच्या रायफलींवर ही कसरत कमी करण्यासाठी मागे बारीक भोकाचे डायॉप्टर आणि पुढे नळकांड्यात बसवलेली गोल रिंग असते. बारीक भोकातून पाहिले की डोळ्याला जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, आणि वर्तुळात वर्तुळ मधोमध बसवणे डोळ्याला उपजतच जमते. काळ्या गोलाभोवती पांढऱ्याची सारखी कड दिसली की झाले. चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्याला उघड्या साईटवर तीन वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसणे शक्यच नसते. खाच, माशी आणि निशाण यांतली एकच स्पष्ट ठेवता येते आणि ती माशीच असली पाहिजे. निशाण धुरकट दिसले तरी हरकत नाही. नवीन मुलांना हे पटत नाही. ती निशाणाकडे टक लावून बघत राहतात, माशी धूसर होते, आणि छर्रे उभ्या रेषेत विखुरतात. 2013 पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश गुण मोजू लागले, म्हणजे निशाणावरच्या पाव मिलीमीटरला गुणाचा एक-दशांश भाग. डायॉप्टरचा स्क्रू टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरतो; त्यातल्या एका टिचकीला किंमत आली ती तेव्हापासून.

या स्क्रूंवर ज्या खुणा कोरलेल्या असतात त्यांच्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काही साईटवर उजवीकडची खूण म्हणजे मार उजवीकडे नेण्यासाठी इकडे फिरवा, आणि काहींवर तीच खूण म्हणजे मार उजवीकडे जात असेल तर इकडे फिरवा. नवे साईट हातात आले की दोन पूर्ण फेरे एका दिशेला द्यावेत, ग्रुप मारावा आणि कागदालाच विचारावे. स्वस्त साईटच्या आट्यांमध्ये ढिलाईही असते; दिशा बदलली की पहिला थोडा फेरा नुसताच वाया जातो. म्हणून जायचे त्याच्या थोडे पुढे जाऊन नेहमी एकाच बाजूने परत यावे, म्हणजे ती ढिलाई प्रत्येक वेळी एकाच अंगाला बसते.

रायफल कलली तर काय होते, हेही तंगुशीनेच समजते. नळी निशाणाच्या वर अठरा मिलीमीटरवर रोखलेली आहे, असे वर म्हटले. रायफल उजवीकडे दहा अंश कलवली, तर ते अठरा मिलीमीटर सरळ वर न राहता उजवीकडे झुकतात आणि छर्रा तीन मिलीमीटर उजवीकडे जातो. नजर मध्यावरच असते, साईट बरोबर असते, तरी दहा सुटतो. खांदा आखडून उभे राहणाऱ्या मुलांना असा कल सवयीचाच झालेला असतो. सवय कायम असेल तर साईट त्या सवयीसकट लावता येते, आणि लावावेही. त्यामुळेच एकाने लावलेले साईट दुसऱ्याला चालत नाही. स्प्रिंगच्या रायफलीत तर हे फारच जाणवते, कारण छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच स्प्रिंग सुटल्याचा धक्का रायफलीला बसलेला असतो, आणि ज्याच्या-त्याच्या पकडीप्रमाणे ती थोडी वेगळी उसळते.

आता आमच्या हवेविषयी. समुद्र शेडीपासून फार लांब नाही आणि खाऱ्या वाऱ्याला पोलाद आवडते. पावसाळ्यात दोन दिवस पुसायचे राहिले, तर साईटच्या स्क्रूवर तांबूस पूड दिसू लागते आणि टिचक्यांचा आवाज बदलतो. मग कोणीतरी घरून तेल आणतो. शिलाई मशीनचे पातळ तेल फडक्याला लावून बाहेरून पुसले तर उत्तम. खोबरेल मात्र थंडीत थिजून चिकट होते आणि साईटच्या बारीक आट्यांत जाऊन बसते. त्याहून वाईट म्हणजे ज्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते त्यात तेल सोडणे. दाबामुळे तिथली हवा इतकी तापते की तेल पेट घेते, नळीतून धूर निघतो, आवाज मोठा होतो, आणि पोरांना वाटते रायफल जोरदार झाली. वेग वाढलेला असतो खरा, पण प्रत्येक बाराला वेगळा. ग्रुप उभा फाटतो आणि साईटचा सगळा हिशेब वाहून जातो. लाकडी दस्ता ओल पिऊन किंचित फुगतो, त्याला नळी घट्ट धरणारे स्क्रू सैल होतात किंवा जास्तच आवळल्यासारखे होतात, आणि फेब्रुवारीमध्ये बिनचूक असलेली रायफल जुलैमध्ये अर्धा सेंटिमीटर बाजूला मारते. म्हणून पाऊस लागल्यावर पहिले काम दस्त्याचे स्क्रू पाहण्याचे. साईटची पाळी त्यानंतर.

उजेडाचे तसेच आहे. शेडीच्या पश्चिमेच्या अंगाला मोठा दरवाजा आहे. दुपारनंतर त्यातून येणारा उजेड माशीच्या एका कडेवर पडतो, ती कड चमकते आणि डोळा माशीचा मध्य भलत्याच जागी धरतो. सकाळी मधोमध बसणारा ग्रुप संध्याकाळी बाजूला सरकतो आणि कोणाच्याही हातात दोष सापडत नाही. यावर जुना उपाय असा, की रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर माशी क्षणभर धरून तिला काजळी चढवायची. काळी कुळकुळीत, चमक न मारणारी माशी कुठल्याही उजेडात एकसारखी दिसते. चिमणी आता घरात मिळत नाही, कापराच्या वडीवरही ते काम होते. दरवाजा लावून घेणे हा आणखी सोपा उपाय, पण मग पत्र्याखाली इतके उकडते की घामाने चष्म्यावर वाफ धरते. वारा आला तर दार लावावेच लागते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दहा मीटरमध्येही आडव्या वाऱ्याने काही मिलीमीटर ढळतो.

साईट आणि माणूस यांची खरी कसोटी कशी लागते याचे उदाहरण म्हणून मी मुलांना 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकची अंतिम फेरी सांगतो. अभिनव बिंद्रा पात्रता फेरीत 596 गुणांनी अंतिम फेरीत आला होता. अंतिम फेरीच्या आधी सरावाचे काही छर्रे मारायला मिळतात, तेव्हा त्याचा पहिलाच छर्रा चार गुणांच्या जवळ गेला. साईट मधल्या वेळात हलले होते, हे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. चार म्हणजे मध्यापासून सुमारे दीड सेंटिमीटर. त्या पातळीच्या नेमबाजाच्या हातून तेवढी चूक होत नाही, आणि त्याला ते ठाऊक होते. तरी हातात मोजकी मिनिटे. त्या मिनिटांत त्याने साईट परत जागेवर आणले आणि मग दहा छर्ऱ्यांत 104.5 गुण केले, शेवटच्या छर्ऱ्याला 10.8. एकूण 700.5, चीनचा झू चिनान त्याच्या मागे 0.8 ने राहिला. भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. त्या फेरीचे वर्णन करताना लोक शेवटच्या 10.8 विषयी बोलतात. मला त्या आधीचे, प्रेक्षकांच्या लेखी हिशेबातही नसलेले सरावाचे छर्रे जास्त मोठे वाटतात. चार पडल्यावर आपण चुकलो की साईट चुकले, याचा निवाडा तिथल्या तिथे करायचा, आणि निवाडा झाला की टिचक्या मोजून फिरवायच्या. ज्याचा ग्रुप आधीपासून घट्ट असतो त्यालाच हा निवाडा करता येतो. कागदाची चाळण करणाऱ्याला चारचा छर्रा पाहून काहीच कळले नसते.

याच गोष्टीवरून आम्ही शेडीत एक खेळ सुरू केला आहे. एकाने बाहेर जायचे, दुसऱ्याने त्याच्या रायफलीचे साईट गुपचूप फिरवायचे, आणि बाहेरच्याने आत येऊन शक्य तितक्या कमी छर्ऱ्यांत ते जागेवर आणायचे. घाईने पहिल्याच छर्ऱ्यावर स्क्रू फिरवणारे यात हमखास हरतात. ज्या मुलीने तंगूस सैल समजून खिळा हलवून पाहिला होता, ती यात सगळ्यांना मागे टाकते. ती तीन छर्रे मारते, कागदावर मध्य काढते, वहीत दोन आकडे लिहिते, एकदाच फिरवते आणि चौथा मारते. परवा एका खोडकर मुलाने साईटला हातच लावला नाही आणि फिरवल्याचे तिला सांगितले. तिने तीन छर्रे मारले, कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला, आणि स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर तसाच ठेवून त्याला म्हणाली, "फिरवलंच नाहीस तू. छर्रे मोजायचे असतात, उगाच वाया घालवू नकोस." तो दिवसभर तिच्यापासून चार हात लांब राहिला.